खुर्चीचे मागचे पाय

मी महिपती. बापजाद्यांपासून सुतार, गाव वाठारच्या पलीकडं, आणि डोक्यानं तापट. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी तोंड वाकडं करायला नको.

सत्त्याहत्तरच्या एप्रिलात मी कामाला कतारात, दोह्याला गेलो तेव्हा आमची हौसा सहा महिन्यांची गरोदर होती. पोरगी झाल्याचं पत्र मला वीस दिवसांनी मिळालं. नाव नंदा ठेवलं, सगळे नंदू म्हणतात, आता ती बसायला लागली, आता चालायला लागली, आता शेजारच्या कोंबड्यांमागं धावते, हे सगळं मला पत्रातनं. दोन वर्षं भरली की दोन महिने रजा, असं ठरलं होतं. एप्रिलात दोन वर्षं भरली तर मालक म्हणाला, मोठं काम अंगावर आहे. जुलैत विचारलं तर रमजान आला. शेवटी नोव्हेंबरची वीस तारीख ठरली, तिकीट झालं, आणि मी बाहुली, दोन फ्रॉक आणि लाल सँडल असलेली बॅग खाटेखाली सारून दिवस मोजायला लागलो. सँडल कुठल्या मापाचे घ्यायचे ते माहीत नव्हतं. दुकानातल्या मल्याळ्यानं विचारलं, तर मी आपला हात वर-खाली करून उंची दाखवत राहिलो, आणि तीही अंदाजानंच.

आमचा मालक नासर. वर्कशॉप त्याचं. मदिनत खलीफात तेव्हा नवे व्हिला उठत होते, त्यांचे दरवाजे-खिडक्या आम्ही करायचो. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या तोंडून 'इन्शाल्ला' आलं की समजायचं, आपलं काम पुढच्या महिन्यावर गेलं. पासपोर्ट सगळ्यांचे त्याच्या कपाटात.

तर त्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमचा धोंडीराम पिकअपमधनं एक खुर्ची घेऊन आला. धोंडीराम वर्कशॉपचा ड्रायव्हर, बार्शीकडचा, दोह्याच्या नजमा भागातल्या खोलीत माझ्याच शेजारची खाट त्याची. म्हणाला, नासर लंडनला गेलाय, जाताना सांगून गेलाय की शैबाच्या खुर्चीची सीट एका ठिकाणी उघडलीय, तेवढा ग्लू मारून ठेवा. शैबा म्हणजे म्हातारा. नासरचा बाप. तो उत्तरेला समैस्मा गावात समुद्राकाठी राहायचा, आणि आम्ही कुणी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

खुर्ची बघून मी हातातला रंधा खाली ठेवला. जमिनीवर टेकणाऱ्या दोन लांब पट्ट्या, पुढं जाऊन त्या गोल वर वळलेल्या, आणि वरनं परत मागं येऊन हात टेकायची जागा झालेली. मधे एकाच प्लायची वाकवलेली शीट, तीच बसायला आणि तीच पाठीला. एक खिळा नाही, सांध्याचं एक कुसू नाही. आणि मागं पायच नाहीत. बसणाऱ्याचा सगळा भार हवेत.

मी धोंडीरामला विचारलं, मागचे पाय कुठं पाडलेस? तो म्हणाला, दिली तशी आणली. मी खुर्ची उलटी केली, सुलटी केली. खाली शिक्का होता, तो कमालनं वाचला, लंडन आणि १९३५. हा कमाल दाभोळचा, सात पिढ्या होड्या बांधणारं घर त्याचं. वर्कशॉपमधे माझ्या समोरच्या टेबलावर काम करायचा आणि माझ्या प्रत्येक कामाला नाक मुरडायचा. म्हणाला, अशीच असेल खुर्ची. म्हटलं, अशी कशी असेल? तुझ्या दाभोळात बिनतळाच्या होड्या करतात का? त्यावर तो म्हणाला, तुला ग्लू मारायला सांगितलाय ना, मग ग्लू मार आणि गप बस.

इथंच माझं चुकलं, पण ते का चुकलं तेही ऐका. आमच्या बापाची एक सवय होती. कुणी नांगर दुरुस्तीला आणला, तर तो नांगर करून द्यायचाच, वर विळ्याला एक नवी मूठ बसवून द्यायचा. न सांगता. सुताराच्या दारातनं माणूस आला तसा परत जाऊ नये, पदरचं काहीतरी घालावं, असं त्याचं म्हणणं. तीच सवय माझ्या हातात उतरलेली. समोर म्हाताऱ्या माणसाची खुर्ची, मागनं लंगडी, आणि मी नुसता ग्लू मारून पाठवू? माझे हात शिवशिवायला लागले.

बर्मी सागाचा एक तुकडा मी स्वतःसाठी राखून ठेवला होता, घरी पोरीला पाट करून न्यावा म्हणून. तो काढला. त्याचे दोन पाय केले, खाली बारीक, वर जाड, मधे कणसासारखा फुगीर घाट. वरच्या पट्ट्यांना मागच्या टोकाशी आरपार खोबणी पाडल्या, पाय ठोकून बसवले, पॉलिश मारलं. खुर्ची अशी टच्च उभी राहिली की मी स्वतः तिच्यावर उभा राहून उड्या मारल्या. जरा हलली नाही. कमालनं बघितलं आणि तोंड फिरवलं, तेव्हा मला वाटलं जळतोय.

मी स्वतः धोंडीरामबरोबर समैस्माला गेलो द्यायला. एवढं काम केल्यावर कौतुक ऐकायला कोण जाणार नाही? शैबा व्हरांड्यात उभा होता, वाळलेला, उंच, दाढी पांढरीशुभ्र, तोंड समुद्राकडं. आम्ही खुर्ची ठेवली. तो बसला. पायानं जमीन जराशी दाबून मागं रेलला. थांबला. परत एकदा दाबली. मग खाली वाकून त्यानं माझ्या सागाच्या पायावरनं हात फिरवला, माझ्याकडं बघितलं, 'शुक्रन' म्हणाला, आणि उठून भिंतीकडच्या चटईवर जाऊन बसला. मी येताना गाडीत धोंडीरामला सांगितलं की बघ, म्हाताऱ्याला इतकी आवडली की वापरायला जीव होत नाही.

तीन दिवसांनी नासर लंडनहून आला, विमानतळावरनं आधी बापाकडं आणि तिथनं थेट वर्कशॉपमधे. मला ऑफिसात बोलावलं. तो नेहमी इंग्रजी-हिंदीची भेळ बोलायचा, त्या दिवशी त्यात अरबी पण घातली, त्यामुळं पहिली पाच मिनिटं मला नुसता आवाज कळला. मग कळायला लागलं. त्याचा बाप आयुष्यभर होडीवर. मोत्यांचा धंदा बुडाल्यावर तेल शोधायला आलेल्या गोऱ्या साहेबांचं सामान बहारीनहून आणायचा. मग दुसरी मोठी लढाई लागली, तेलाच्या विहिरी बुजवून साहेब निघून गेले, आणि त्यातल्या एकानं जाताना ही खुर्ची शैबाला देऊन टाकली. पुढं गुडघे गेले, होडी सुटली. तेव्हापासनं म्हातारा सकाळ-संध्याकाळ त्या खुर्चीत समुद्राकडं तोंड करून बसतो आणि पायानं तिला झुलवतो. मागं पाय नव्हते म्हणून ती झुलायची. जमिनीवर त्याला दुसरं काही हलणारं मिळालं नव्हतं.

"त्या लोकांनी लंडनमधे डोकं खाजवून खाजवून ते पाय काढले," नासर म्हणाला, "आणि तू एका दुपारी परत लावलेस."

तीन दिवस म्हातारा त्या खुर्चीत बसला नव्हता. चटईवर बसून भिंतीकडं बघत होता, आणि सुताराला वाईट वाटेल म्हणून कुणाला सांगतही नव्हता. हे ऐकलं आणि मला कुणीतरी उभं चिरल्यासारखं झालं. लाज वाटली. पण माझं कसं आहे, लाज वाटली की राग येतो. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम, पाय काढून देतो. नासर म्हणाला, काढ. होती तशी कर. मग पासपोर्ट, मग वीस तारीख. हातात दहा दिवस होते.

पाय निघाले, पण पट्ट्याही गेल्या. मी पाडलेल्या खोबणींनी त्यांचे आतले चिकटवलेले पदर मधोमध कापले गेले होते. शैबाच्या जागी धोंडीरामला बसवून बघितलं, तर दोन्हीकडनं करकर आवाज झाला आणि पट्टी टोकापासनं वळणापर्यंत उकलली. धोंडीराम खाली, खुर्ची वर. सीटची शीट तेवढी वाचली. कमालनं ते बघितलं आणि नाक न मुरडता धोंडीरामला हात देऊन उठवलं. त्यानं मला जास्त धडकी भरली.

मी म्हटलं, घाबरायचं काय, नव्या पट्ट्या करू. सागाची जाड फळी घेतली, पेन्सिलीनं वळण काढलं, करवतीनं कापलं, पॉलिशपेपर मारला. दिसायला अशी की लंडनवाल्यानं नमस्कार करावा. कमाल म्हणाला, वळणावर लाकडाच्या रेषा आडव्या येतात, तुटेल. म्हटलं, साग आहे हा. तो म्हणाला, बरं, आणि तिच्यावर बसला. कमालचं वजन त्यावेळी नव्वद किलो. कट्ट असा आवाज झाला, आणि माझे तीन दिवस गेले.

मग कमालची पाळी. होडीच्या फळ्या ते लोक वाफेवर मऊ करून वाकवतात, त्याला त्यात काय कौतुक. लोखंडी पाइपात पट्टी घातली, खाली स्टोव्ह, वर गोणपाट, आणि दुपारभर आमच्या वर्कशॉपमधे असली वाफ की सरदारजी फोरमन आत यायचा बंद झाला. पट्टी वाकली खरी. सकाळी आलो तर ती अर्धी उलगडलेली, आणि बाहेरच्या अंगाला चिरा. होडीची फळी खिळ्यांनी धरलेली असते, हिला धरणार कोण? मी दाभोळचा उद्धार केला. त्यानं वाठारचा केला. त्याच्या बोलण्यात 'घाटी' आला आणि माझ्या बोलण्यात जे आलं ते इथं सांगत नाही. दिवसभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी बघतो तर कमाल जुन्या उकललेल्या पट्टीपाशी उकिडवा बसलेला, पदर बोटानं मोजत. सात पदर. प्रत्येक पदर पुठ्ठ्याएवढा पातळ. त्यातला एक सुटा पदर त्यानं माझ्या हातात दिला आणि वाकव म्हणाला. वाकला. लहान पोरानं वाकवावा इतका सहज वाकला. मग त्यानं दोन पातळ पट्ट्या एकावर एक धरून वाकवल्या आणि त्यांच्या टोकांकडं बोट केलं. आतली पुढं सरकली होती, बाहेरची मागं राहिली होती. मला एकदम उजेड पडला. वाकल्यावर सरकलेल्या जागीच त्या एकमेकींना चिकटल्या, की परत मागं सरकायची सोय राहत नाही. सातही एकत्र चिकटल्या की कुणाच्या बापाकडनं सरळ होणार नाहीत, आणि तरी जराशी लवतील. लाकडाला वाकवायचं नव्हतंच. पातळ करून त्याला विचारायचं होतं. चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या तरी लंडनच्या कारखान्यात माझ्यासारख्याच कुणीतरी हे हातानं केलं होतं, आणि मी त्याला लंगडा समजलो होतो.

"एकच रुंद वाकवू," मी म्हटलं, "आणि मग मधनं चिरून दोन करू. दोन्ही बाजू जुळ्या येतील."

कमालनं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "हे मला नसतं सुचलं." एवढंच म्हणाला, पण अडीच वर्षांत पहिल्यांदा म्हणाला.

दारांना लावायची बीच लाकडाची पातळ साल, म्हणजे व्हिनीअर, वर्कशॉपमधे होती. जाड ठोकळ्याचा साचा मी केला. साल त्याच्यावर खालनं घ्यायची, पुढनं वळवायची, वरनं मागं आणायची. वळणाच्या जागी कमालनं होडीचा दोर गुंडाळून काठीनं पीळ द्यायचा ठरवलं. पण वरच्या आणि खालच्या बाजूला सारखा दाब पाहिजे, पाच-सहा तास. आणि लाकूड आवळायचे मोठे शिकंजे आमच्याकडं चार. ते दरवाज्यांना लागलेले, सरदारजी देईना. दाब आणायचा कुठनं?

शुक्रवारी सुट्टी. नजमातल्या आमच्या खोलीपुढं चौक होता. सकाळी तिथं साचा मांडला, ग्लू लावून सालीचे सात पदर चढवले, वळणावर दोर पिळला, वर दाराची जाड फळी ठेवली, आणि खोलीतल्या सहाही जणांना सांगितलं, बसा. धोंडीराम, प्लंबर निवृत्ती, बाकीचे तिघे, आणि कमाल मधोमध. एका ओळीत, कोंबड्या बसतात तसे. मी पंगतीत वाढप्यासारखा फिरत होतो. मटण शिजलं, ताटं हातात दिली. चहा हातात दिला. पत्त्यांचा डाव तिथंच. कुणाला उठू दिलं नाही. निवृत्तीला तासाभरानं जायची घाई झाली, तेव्हा कोपऱ्यावरच्या बेकरीतला पठाण पाव द्यायला आला होता, त्याला आग्रह करून निवृत्तीच्या जागी बसवला. त्याला वाटलं काही तरी पूजा आहे, बिचारा अदबीनं मांडी घालून बसला आणि अर्धा तास हलला नाही. दुपारी चारला धोंडीराम म्हणाला की महिपती, माझे पाय नाहीत आता, हीच खुर्ची झाली माझी. मी म्हटलं, अजून एक तास. माझ्या नंदूची शपथ घातली, तेव्हा गप बसला.

साडेपाचला फळी उचलली, दोर सोडला, साचा ठोकून काढला. वळण जागच्या जागी राहिलं. मी त्याच्यावर हात दाबला, ते लवलं आणि परत वर आलं. आम्ही सहा-सात बाप्ये त्या चौकात उभे राहून आळीपाळीनं एक लाकूड दाबत होतो आणि हसत होतो.

शनिवारी चिरलं, घासलं, सीट बसवली. रविवारी कमालला बरोबर घेतलं आणि धोंडीरामच्या पिकअपमधनं समैस्माला गेलो. एकट्यानं जायची माझी हिंमत नव्हती. नासरही तिथंच होता. शैबा खुर्चीत बसला. पायानं जमीन दाबली. खुर्ची मागं गेली, पुढं आली. परत मागं, परत पुढं. त्यानं डोळे मिटले. मग तो हिंदीत म्हणाला, चांगली मुंबईची हिंदी, तरुणपणी खजूर घेऊन मुंबईला जायचा तेव्हा शिकलेला, की थोडी कडक आहे. नवी होडी पण पहिली कडकच असते. माझा जीव भांड्यात पडला.

नासर इतका खूश झाला की त्यानं मला मिठी मारली. म्हणाला, असा कारागीर माझ्याकडं आहे हे मलाच माहीत नव्हतं. मदिनत खलीफाच्या माझ्या नव्या मजलिसमधे, पाहुण्यांच्या बैठकीत, अशाच वीस खुर्च्या पाहिजेत. यल्ला, उद्यापासनं सुरू कर. वीस झाल्या की जा घरी. जानेवारीत, इन्शाल्ला.

परवाचं विमान होतं. माझ्या हातांचा मला असा राग आला की ते कुठं ठेवावेत कळेना.

शैबानं खुर्ची झुलवायची थांबवली. सुताराचं तोंड का पडलं, असं त्यानं कमालला विचारलं. कमालनं सगळं सांगितलं, एप्रिल, रमजान, बॅग, पोरगी. म्हाताऱ्यानं मला विचारलं, किती वर्षांची? म्हटलं, दोन वर्षं चार महिने. तुला ओळखते? म्हटलं, फोटोला ओळखते.

मग तो मुलाशी अरबीत बोलला, हळू, समुद्राकडं बघत. कमालला अरबी यायचं, तो माझ्या कानाशी सांगत होता.

"आमची होडी मकरानच्या किनाऱ्याला फुटली तेव्हा मी दोन वर्षांनी घरी आलो. तू चार वर्षांचा होतास. दारात उभा होतास. मला म्हणालास, बाबा घरी नाहीत, नंतर या."

नासर पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला माणूस. त्याला हे माहीत नसावं. तो खाली बघत राहिला, डोक्यावरच्या रुमालाचा काळा गोफ त्यानं उगाच नीट केला. मग धोंडीरामला म्हणाला, ऑफिसात चल, याचा पासपोर्ट देतो.

वीस तारखेला मी विमानात बसलो. बावीसला दुपारी एस.टी.तनं उतरलो आणि बॅग डोक्यावर घेऊन घराकडं चालत गेलो. दार उघडं होतं. हौसा मागं धुणं वाळत घालत होती, तिचा आवाज येत होता. उंबऱ्यात एक पोरगी उभी होती, तेल लावून पाडलेला भांग, एका हातात भाकरीचा तुकडा. माझा अंदाज चुकला होता, तिचे पाय सँडलपेक्षा मोठे होते.

मी चपला काढल्या. बॅग खाली ठेवली.

"बसू का जरा?" मी विचारलं.

तिनं मला खालपासनं वरपर्यंत बघितलं आणि चटईकडं बोट केलं.

"बसा," ती म्हणाली. "बाबा दोह्याला गेल्यात."

मी बसलो.